गोठ्यातला माठ

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या गाडीला वाट मिळत नव्हती, कारण वाटेत जेसीबी आडवा उभा होता. माझा थोरला भाऊ संतोष, म्हणजे आमचा दादा, वलवणच्या धरणाच्या अंगाला असलेलं आमचं मोठं खाचर सपाट करून घेत होता. ज्या खाचरात आईनं उभा जन्म इंद्रायणी भात लावला, त्याचे बांध एका सकाळीत गेले. मला सहावा महिना होता. नवऱ्याची तळेगावच्या कारखान्यातून जर्मनीला बदली झाली होती, तो पुढे गेला होता आणि मी मुंबईच्या विमानतळाकडे निघाले होते. दादा म्हणाला, जरा थांब, एवढा बांध निघू दे. बहीण परदेशी निघाली की भावाचे डोळे भरून येतात म्हणे. आमच्या दादाच्या डोळ्यांत त्या दिवशी फक्त धूळ गेली होती.

आईनं माझ्या पायाशी एक पिशवी कोंबली. तिच्यात अळीव, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू आणि त्याच खाचरातले शेवटचे तांदूळ होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे तिनं माझ्या लग्नाआधीपासून धरलेलं, आणि आता लेक पोट घेऊन उलट्या दिशेला निघालेली. तिला रडायचं नव्हतं म्हणून ती चिडली. म्हणाली, "तितं काय खायाला देत्यात द्येव जाणे. पेज करून पीत जा. बाळंतिणीला भाताची पेज लागती, हे ध्यानात ठेव." मग जेसीबी सरकला आणि आम्ही निघालो.

त्या खाचरावर काय उभं राहिलं ते तुम्हाला, गावात मागे राहिलेल्यांना, माहीत आहे, कारण तुमच्यातले निम्मे तिथे वाढपी, माळी आणि ड्रायव्हर म्हणून लागलात. जे माझ्यासारखे बाहेर गेलेत त्यांच्यासाठी सांगते. तिथे 'होलिस्टिक वेलनेस रिट्रीट' उभं राहिलं. बांबूचं कुंपण, शेणानं सारवलेल्या भिंती आणि त्या भिंतींच्या आत एसी. ज्या कुडाच्या घरातून बाहेर पडायला आमच्या बापजाद्यांनी हाडं झिजवली, तसल्याच घरात राहायला मुंबईहून माणसं येतात आणि जाताना डोळे पुसतात. दादानं यासाठी एक कोच धरून आणला. तो आहाराचा कोच. एकेकाळी लोणावळ्यात क्रिकेटचा कोच असायचा, आता जेवणाचाही असतो. हा कोच कोणत्या कॉलेजात शिकला ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण तो पांढरे कपडे घालायचा, हळू बोलायचा आणि बोलताना डोळे मिटायचा, एवढ्यावर त्याचं भागायचं.

त्याचा पहिला शोध असा की भात हे पांढरं विष आहे. हा शोध त्यानं भाताच्या खाचरात उभं राहून लावला. पाहुण्यांना नाचणी, वरी, दुधीचा रस, हळदीचं पाणी. मधुमेह असो, थायरॉईड असो, सांधेदुखी असो, अंगावरचं दूध कमी असो, औषध तेच. माझा आजा नाचणी खायचा तो भात परवडत नव्हता म्हणून. सणाला ताटात भात दिसला की त्याचा चेहरा उजळायचा. त्याला कुणी सांगितलं असतं की बाबा, तू गरीब नाहीस, तू होलिस्टिक आहेस, तर त्यानं पायताण काढलं असतं.

पण मी जिथे गेले तिथले लोक तरी शहाणे होते असं समजू नका. स्टुटगार्टला आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ज्या बाया आहेत त्या गावाकडे नाचणीच्या भाकरीला नाक मुरडायच्या. आता तिला रागी म्हणतात आणि तिचे फोटो टाकतात. फॅमिली वेलनेस नावाचा एक ग्रुप वेगळा आहे, तिथे रोज सकाळी कुणीतरी कुणालातरी साखर सोडायला लावतं आणि रविवारी सगळ्या मिळून केक खातात. जर्मनांचं तर विचारूच नका. मोटारीत केसभर फरक चालत नाही त्यांना, पण पोराचा दात यायला लागला की होमिओपॅथीच्या साखरेच्या बारीक गोळ्या चघळायला देतात आणि गुण आला म्हणतात. मी हसले की म्हणतात, हे नैसर्गिक आहे. विंचूही नैसर्गिकच असतो.

तिथे माझ्या वाट्याला एक हेबामे आली. हेबामे म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघणारी सुईण. आपल्याकडे सुईण म्हटलं की शिकलेल्यांना कमीपणा वाटतो. तिकडे ती सायकलवर येते, बाळाचं वजन करते आणि तिचा पगार विम्यातून निघतो. बाई कामाची होती. फक्त पहिल्याच भेटीत तिनं मला दूध वाढवायचा खास चहा आणून दिला, श्टिलटे म्हणतात त्याला. डब्यावर हिरव्या डोंगराचं चित्र. उघडून वास घेतला तर बडीशेप आणि शहाजिरं. मी आईनं दिलेल्या बाळंतशेपांची पुरचुंडी काढून तिच्या नाकाखाली धरली. तिनं वास घेतला आणि विचारलं, हे तुमच्याकडे कोणत्या दुकानात मिळतं. मी म्हटलं, आईकडे.

लेक झाली त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल लावला. नात बघून होते न होते तोच तिनं हुकूम सोडला, "पयलं दूध पिळून टाक. त्यो चीक हाय, जड पडतो लेकराला. दोन दिस मधाचं बोट दे." हेबामे शेजारीच होती. मी तिला सांगितल्यावर तिनं छातीवर हात ठेवला आणि पहिल्या दुधाला सोनं म्हणतात, ते टाकायचं नाही, मध तर वर्षभर द्यायचाच नाही, असं मोठं व्याख्यान दिलं. ते मी आईला मराठीत सांगून काही उपयोग नव्हता. आईला सोनं नको होतं, तिला तिच्या सासूनं सांगितलेलं खरं ठरायला हवं होतं. मलाही झोप नव्हती, अंग ठणकत होतं. मी चिडून विचारलं, "आई, गाय व्याली की तिचा चीक मोरीत ओततेस का?"

आई म्हणाली, "न्हाई. खरवस करून आळीत वाटती." तिनं पदरानं मोबाईलची काच पुसली. मग हळूच म्हणाली, "तुमा दोघांच्या टायमाला माजा मोरीत गेला. गाईचा वाटला आन् माजा मोरीत." आणि लगेच, एकदम रागानं, "मग बघत काय बसलीस, पाज की तिला."

त्यानंतर म्हणे तिनं गावात एकही बाळंतीण सोडली नाही. प्रत्येकीच्या उशाशी जाऊन गाईचा चीक आणि बाईचा चीक हेच सांगायची. सासवांना राग यायचा, पण आईशी वाद घालणं सोपं नाही. माझी आई एवढी शिकलेली नाही, आणि शहाणीही फार आहे असं मी म्हणणार नाही, देवाधर्माच्या नावाखाली तिनंही पुष्कळ खुळचटपणा केलाय. पण एखादी गोष्ट तिच्या घरातल्या वस्तूवर ठेवून दाखवली की तिला ती दिसते, आणि एकदा दिसली की ती तोंड फिरवत नाही.

मुक्ता, माझी लेक, बसायला लागल्यावर भातकापणीच्या सुमाराला मी पहिल्यांदा गावी आले. कापायला भात नव्हताच म्हणा. आमचं जुनं घर आता रिट्रीटच्या आवारातच आलेलं; फाटकातून आत शिरले आणि समोर आई. म्हणजे बोर्डावर. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आणि हातात नाचणीची भाकरी. ती रोज पाचवारी नेसते हे सोडा. खाली लिहिलेलं: 'आजींनी इन्शुलिन सोडलं. फक्त आहारानं शुगर नॉर्मल.' शेजारी तिचे रक्ताचे रिपोर्ट चौकटीत घालून लावलेले. आईला साखरेचा आजार जुना, आदल्या वर्षीच डॉक्टरांनी तिला इंजेक्शन सुरू केलेलं. मी दादाला विचारलं, हे खरं आहे का. तो म्हणाला, "रिपोर्ट बघ ना तू, नंबर खोटं बोलत नाहीत." बाजूला कोच डोळे मिटून उभा होता. त्यानं मला सांगितलं की शरीराला सगळं माहीत असतं. मी त्याला म्हटलं, मग तुमची गरज काय. तो हसला. असल्या लोकांना अपमान लागत नाही, तो त्यांना पचतो. नाचणीपेक्षा चांगला पचतो.

रिपोर्ट खरे होते, त्यानं मला रात्रभर काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मुक्ताला गाय दाखवायला गोठ्यात नेलं. एकच गाय उरली आहे, तीही पाहुण्यांना मिठी मारण्यासाठी ठेवलेली. खरंच सांगते, गाईला मिठी मारण्याची वेगळी वेळ असते. तर गोठ्यात गाईच्या पलीकडे आई पाठमोरी उभी, पदराचं टोक दातांत, आणि पोटात सुई टोचत होती. पायाशी पाण्याचा माठ, त्याच्यावर झाकणी, आणि आत डब्यात इंजेक्शन. तिनं मला पाहिलं, पण हात हलू दिला नाही. सुई काढली, पदर सोडला.

मी म्हटलं, "दादाला सांगितलंस ना सोडली म्हणून?"

"त्याला सांगितलं," आई म्हणाली. "शुगरला कुटं सांगितलंय?"

किचनच्या फ्रिजमध्ये केमिकल नको असा कोचचा नियम निघाला, तेव्हा तिनं ते गुपचूप इथे आणलं होतं. वीज गेली तर माठात ठेवा, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला पूर्वी कधी सांगितलेलं, ते तिला आठवलं. म्हणजे त्या भिंतीवरच्या चौकटीत जे टांगलं होतं ते या माठाचं कर्तृत्व होतं. कोच त्याच्यापुढे उदबत्ती लावून नाचणी विकत होता. मी हसायला लागले, आणि हसता हसता मला रडू आलं, कारण तिनं औषध सोडलं नव्हतं. आई म्हणाली, बोलू नकोस कुठं. "बोर्डावर फोटू लावलाय त्यानं माजा. आता मी आपल्याच पोराला खोटं पाडू व्हय?" मी बोलले नाही. आईचा जीव वाचतोय ना, मग ती माणसं नि त्यांचा दुधीचा रस खड्ड्यात जाऊ देत, असा मी विचार केला.

त्या पाहुण्यांत ठाण्याची एक मुलगी होती, नेहा. वयानं माझ्याहून लहान, पाच महिन्यांचा मुलगा कडेवर. तिला शाळेत असल्यापासून साखरेचा आजार, तेव्हापासून इन्शुलिनवर. बाळंतपणानंतर थकली होती, दूध कमी पडत होतं, म्हणून नवऱ्यानं तिला आरामाला आणून सोडलं आणि तो कामावर गेला. पहिल्या दिवशी ती माझ्याशी ओट्यावर बसून दोन पोरांच्या लाळेवर गप्पा मारत होती. मग ती दिसेनाशी झाली. विचारलं तर कळलं की डिटॉक्स सुरू आहे. मग कळलं की तिला उलट्या होताहेत. कोच म्हणाला, हा हीलिंग क्रायसिस आहे, शरीर विष बाहेर टाकतंय, घाबरायचं नाही. बाजूच्या खोलीत तिचं पोर आटलेल्या छातीशी झटून रडत होतं, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. पण ध्यानाची वेळ होती, म्हणून कुणी जागचं उठलं नाही.

आई उठली. तिनं पेज केली, कुठून कोण जाणे चोरून ठेवलेल्या तांदळाची, आणि वाटी घेऊन नेहाच्या खोलीत गेली. मी मागून. नेहाचे ओठ सुकलेले, श्वास मोठमोठ्यानं चाललेला. आईनं वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. पिकलेल्या केळाचा वास मलाही आला, साखर फार चढली की तोंडाला येतो तसा. तिनं विचारलं, "पोरी, तुजी सुई कुटं हाय?"

नेहाला बोलायला त्रास होत होता. ती म्हणाली, "सोडली ना आजी. तुम्ही सोडलीत, मग मला का नाही जमणार?"

आईच्या हातातली वाटी कलंडली. पेज खाली सांडली, तिनं ती पुसलीही नाही. मला म्हणाली, गाडी काढायला सांग. मी ओरडतच बाहेर गेले. ड्रायव्हर गावातलाच, त्यानं कुणाला न विचारता गाडी दाराशी लावली आणि आम्ही दोघांनी नेहाला उचलून आत बसवलं; एक वाढपी बाई तिला धरून बसली आणि गाडी दवाखान्याकडे सुटली. वळून बघते तर आई गोठ्यातून माठ कडेवर घेऊन येत होती. ती थेट जेवणाच्या मांडवात गेली. तिथे पाहुणे डोळे मिटून बसले होते, कोच मधोमध. तिनं माठ त्याच्या पुढ्यातल्या चौरंगावर, फुलांच्या परडीशेजारी ठेवला आणि डबा बाहेर काढला. मग एवढ्या लोकांसमोर, जिनं आयुष्यात कधी दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही तिनं, पोटावरचा पदर बाजूला करून सुई टोचली.

"बघून घ्या," ती म्हणाली. "मी सोडली न्हाई. एक दिस बी न्हाई. त्यो बोर्ड खोटा हाय आन् त्यातली खोटी बाई मी हाय. माजं बघून ज्यांनी औषद सोडलं आसंल, त्यांनी आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं जावा."

मांडवात काय झालं म्हणता? एकानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. एका बाईनं शेजारणीला विचारलं, हा सेशनचाच भाग आहे का. दुसऱ्या एकीला जाणून घ्यायचं होतं की आजींचं इन्शुलिन प्लांट-बेस्ड आहे का. ही सगळी शिकलेली माणसं, यांच्या पोरांची नावं मोठ्या शाळांत आहेत. फक्त एक म्हातारे गृहस्थ निमूट उठले आणि खोलीत जाऊन आपल्या गोळ्या शोधायला लागले. दादा धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. आईला म्हणाला, हे आतल्या आत बोलायचं होतंस.

"आतल्या आत ठिवलं म्हणून तर लेकराचं दूध आटलं," आई म्हणाली.

गाडी गेल्यावर नेहाचं पोर मागे राहिलं होतं. ते रडून निळं पडायला आलेलं. आईनं ते उचलून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, घे त्याला पदराखाली. मी घेतलं. एका बाजूला मुक्ता, एका बाजूला तो. आमच्या ओट्यावर बसून त्या दिवशी मी दोन पोरं पाजली आणि कुठल्याही चहाची गरज लागली नाही. कोच तेवढ्यात सामान बांधत होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाताला लागली नसती. नेहा सावरली. मुलाला न्यायला आली तेव्हा नवऱ्याचा हात धरून चालत होती. आईच्या पाया पडायला वाकली तर आईनं पाय मागे घेतले. "माज्या पाया पडू नगं. माज्याच फोटूनं तुजा घात केलता," म्हणाली आणि आत निघून गेली. नंतर फोनवर कळलं की दूध थोडं थोडं परत येतंय.

दादाला बोर्ड काढावा लागला. आता नवा आहे, 'डॉक्टरांच्या सल्ल्यासह'. डॉक्टर कोण, ते मी विचारत नाही. आई गुपचूप सुई घेते हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं दादा म्हणतो. भाऊ आहे, म्हणून मी ते मान्य केलंय, पण विश्वास ठेवलेला नाही. कोच खंडाळ्याच्या बाजूला गेला. तिथे त्याला दुसरी आजी मिळाली आहे, हिच्याही हातात भाकरी आहे. आमच्या आईचा फोटो मात्र त्याच्या फेसबुकच्या पानावर अजून तसाच, आणि त्याखाली आपल्याच मंडळातल्या दोघींनी हात जोडले आहेत. मी त्यांना कळवलं. त्या म्हणाल्या, तू फार निगेटिव्ह आहेस. आहे, आणि राहणार.

तुम्ही मला विचारता, आता घर म्हणजे काय वाटतं. खाचर गेलं, बांध गेले, आणि पाहुण्यांच्या त्या एसीवाल्या कुडांना तर मी घर म्हणायला तयार नाही. पण इथे स्टुटगार्टला रोज माझी सकाळ असते तेव्हा तिकडे गावात आईचं जेवण व्हायचं असतं. ती ओट्यावर उजेडात बसते, येणारेजाणारे पाहुणे बघत असतात. व्हिडिओ कॉल लावून मोबाईल माठासमोर तांब्याला टेकवून ठेवते, म्हणून मला आधी फक्त माठाची कड दिसते, मग तिचा हात, मग सुई. आता फ्रिजमध्ये ठेवायला कुणाची ना नाही, तरी ती माठातच ठेवते. टोचून झाली की विचारते, "दिसलं का?"

मी म्हणते, दिसलं. मग ती समोर ताट ओढते. त्यात शेजाऱ्यांच्या शेतातल्या इंद्रायणीचा मूठभर भात असतो, आणि ती खायला लागली की मी कामाला निघते.